रोस्टर, शिलाई मशीन आणि येळवस

नेमणुकीचं पत्र हातात पडलं की घरात पेढे येतात आणि महिना सरायच्या आत कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर कपड्यांचा ढीग साचायला लागतो. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी मुली जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग शिकता शिकता आईच्या मशीनवर ब्लाऊज शिवतात, फॉल-पिको करतात, मैत्रिणीच्या लग्नाचं रुखवत तयार करतात. नोकरी लागली की हे सगळं मागे पडतं. घरची माणसं म्हणतात, ‘आता पगार येतोय, कशाला तो व्याप?’ आणि रविवारी सगळे गाडीत बसून निघाले, की तुमची मात्र सकाळपाळी असते.

शिवण सोडू नका, असं मी अगदी मनापासून सांगते. वॉर्डात दिवसभर दुसऱ्यांच्या दुखण्याशी गाठ असते. औषधाचा परिणाम दिसायला वेळ लागतो, काही वेळा तो दिसतच नाही. कापडाचं तसं नसतं. दोन तासांत बाळाचं झबलं तयार होतं आणि ते डोळ्यांना दिसतं. हे समाधान आपल्या कामाला फार गरजेचं आहे. शिवाय सुई आणि शुश्रूषा यांची सोबत आपल्याकडे जुनी आहे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांनी सेवासदनाचं काम उभं केलं, तेव्हा शिवण-भरतकामाचे वर्ग आणि परिचारिकांचं शिक्षण ही दोन्ही कामं त्याच संस्थेनं हाती घेतली. बाईला स्वतःच्या पायावर उभं करणारी म्हणून दोन्हींकडे पाहिलं गेलं.

मात्र दिवसाचे तास सारखे वाटून हा मेळ बसत नाही. दहा ते पाच नोकरी असलेल्यांना ‘रोज रात्री एक तास मशीनवर’ असं ठरवता येतं. आपली रात्र कधी वॉर्डात जाते, कधी अंथरुणात. म्हणून कोणत्या पाळीनंतर अंगात काय शिल्लक राहतं ते आधी ओळखायचं आणि त्याप्रमाणे काम निवडायचं. पुढचं सगळं मार्गदर्शन याच एका गोष्टीवर उभं आहे.

रोस्टर आधी घराच्या भिंतीवर

अनेक सरकारी रुग्णालयांत सकाळपाळी आठ ते दोन, दुपारपाळी दोन ते आठ आणि रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी आठ अशी विभागणी असते. खासगी रुग्णालयांत वेळा निराळ्या असतात. काहीही असो, रोस्टर लागला की मोबाइलमध्ये फोटो काढून थांबू नका. घरच्या कॅलेंडरवर तो उतरवा. सकाळपाळीला एक रंग, दुपारपाळीला दुसरा, रात्रपाळीला तिसरा. सासूबाईंना, नवऱ्याला, शाळेत जाणाऱ्या मुलाला रंग पाहून कळलं पाहिजे की आज आई कधी झोपणार आहे आणि कधी घरात आहे.

कॅलेंडरवर सुट्टीच्या दिवसांतलाही फरक लिहा. रात्रपाळी संपवून सकाळी घरी येता, तो दिवस घरच्यांना सुट्टीचा वाटतो. तो सुट्टीचा नसतो. ती झोपेची भरपाई आहे. त्या चौकोनात ‘झोप’ असंच लिहा. खरी सुट्टी त्यानंतरच्या दिवसाची. सहल, पाहुणे, कापड कापणं, बाजार, जे काही मोठं असेल ते त्या दिवसावर ठेवा. घरातली निम्मी धुसफूस या एका नोंदीनं कमी होते, कारण ‘आज तर तू घरीच आहेस ना’ या वाक्याला भिंतीवरच उत्तर असतं.

आणखी एक गोष्ट घरच्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगून ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्या दिवशी लातूर-उस्मानाबाद भागात दवाखान्यात काम करणाऱ्या कुणाला आपली पाळी कोणती हे विचारायला सवड नव्हती. साथ, अपघात, पूर अशा वेळी बोलावणं येतं आणि ठरलेली सहल मोडते. हे आधी सांगितलेलं असलं की त्या दिवशी घरातून निघताना भांडण होत नाही.

पहिलं शिवणकाम: झोपेच्या खोलीचा पडदा

नोकरी लागल्यावर मशीनवर पहिलं काय शिवायचं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: झोपायच्या खोलीचा जाड पडदा. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊलाच खिडकीतून ऊन आत येतं. रात्रपाळी करून आलेलं शरीर उजेड पाहून जागं राहतं, मग पारा चढतो आणि झोप उडते ती उडतेच.

पडदा असा करा. बाहेरच्या बाजूला जाड सुती कापड, आतून गडद रंगाचं घट्ट विणीचं अस्तर. खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर जास्त रुंदी आणि खाली वीतभर जास्त लांबी घ्या, म्हणजे कडेनं उजेडाची पट्टी येत नाही. वरच्या दुमडीत नाडी किंवा दांडी जाईल एवढी पोकळ पट्टी शिवा. तळाची दुमड रुंद ठेवा, म्हणजे कूलरच्या वाऱ्यानं पडदा उडत नाही. उरलेल्या तुकड्यांतून डोळ्यांवर बांधायची पट्टी होते, आत मऊ मलमल घाला. एका सुट्टीत होणारं काम आहे आणि ते पुढची कित्येक वर्षं तुमची झोप राखतं.

झोपेचं वेळापत्रकही तितकंच नेटानं पाळा. पहिल्या रात्रपाळीच्या दिवशी दुपारी दीड-दोन तास झोप घेऊनच ड्युटीवर जा. चहा मध्यरात्रीपर्यंतच. सकाळी घरी येताना थेट अंथरुणाकडे, मध्ये मशीन नको, भाजी निवडणं नको, मोबाइल नको. विष्णुपुरीच्या रुग्णालयातून नांदेड शहरात दुचाकीवर येणाऱ्यांनी विशेष जपावं. डोळे जड झाले असतील तर गाडी दवाखान्यातच ठेवून ऑटो किंवा बसनं या. झोपेच्या भरात गाडी चालवण्याइतकं महाग दुसरं काही नाही.

कोणत्या पाळीला कोणतं हातकाम

शिवणकामाचे तीन भाग पाडा. पहिला भाग डोक्याचा: मापं घेणं, कागदी नमुना काढणं, कापड बेतणं, कापणं. दुसरा मशीनचा: टीप मारणं, बाह्या जोडणं, अस्तर लावणं. तिसरा नुसत्या हाताचा: हेम घालणं, हुक लावणं, काज-बटण, धावदोरा, क्रोशा.

कापणी फक्त पूर्ण झोप झालेल्या सुट्टीच्या दिवशी करा. कापलेलं कापड परत जोडता येत नाही आणि थकलेल्या डोळ्याला अर्ध्या इंचाची चूक दिसत नाही. सुट्टीच्या एका सकाळी तीन-चार कपड्यांची कापणी एकदम उरकून घ्या. प्रत्येक कपड्याचे तुकडे, लागणारा दोरा, हुक, अस्तर हे सगळं एकेका पिशवीत घालून ठेवा आणि पिशवीवर मापाचा कागद टाचा. पुढच्या आठवड्यात एक पिशवी उघडली की काम सुरू. शोधाशोधीत जाणारा अर्धा तास वाचतो.

मशीनचं काम सकाळपाळीनंतर बसतं. अडीचला घरी येऊन जेवलात, तासभर पडलात, की पाचच्या सुमाराला हात परत चालायला लागतो. तास-सव्वा तासावर जाऊ नका. वॉर्डात सहा तास उभं राहिल्यावर परत वाकून बसलात तर कंबर आणि मान बोलायला लागतात. खुर्ची अशी घ्या की कोपर मशीनच्या पाटाशी बरोबरीला येईल. दुपारपाळीच्या दिवशी सकाळी मशीनवर बसायचं असेल तर गजर लावूनच बसा, नाहीतर एक टीप, अजून एक टीप करत बस चुकते.

रात्रपाळीच्या आठवड्यात मशीन झाकूनच ठेवा. संध्याकाळी निघण्याआधी अर्धा तास हाताशी असेल तर हातकाम घ्या. यासाठी वाकळ उत्तम. आपल्याकडे आजी-पणजीनं जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून, धावदोऱ्यानं काठापासून आतवर फेर धरत वाकळी शिवल्या. या कामाचा मोठा गुण असा की ते कुठेही थांबवता येतं. सुई कापडात टोचली, घडी घातली, उठलं. पुन्हा पंधरा दिवसांनी बसलात तरी त्याच टाक्यापासून पुढे जाता येतं. क्रोशाचंही तसंच. शिवाय एकसारखा धावदोरा घालताना श्वास संथ होतो, वॉर्डातला गोंगाट मागे पडतो. किनवट-माहूर भागातल्या तांड्यांवर बंजारा बायकांचं भरतकाम पाहायला मिळालं तर जरूर पाहा. छोट्या चौकोनावर आरसे आणि रंगीत दोऱ्यांचे टाके भरत त्या एकेक तुकडा पूर्ण करतात. मोठं काम लहान तुकड्यांत बांधायची ही रीत पाळीच्या नोकरीला फार जुळते.

बोटं जपा

हा मुद्दा परिचारिकेसाठीच आहे आणि तो हलक्यात घेऊ नका. शिवताना बोटाला सुई टोचणं ही शिंप्याच्या घरची रोजची गोष्ट. पण त्याच बोटांनी उद्या तुम्ही रक्त काढणार आहात, सलाईन लावणार आहात. त्वचेला बारीक भोक असलं तरी संसर्गाला वाट मिळते.

म्हणून हातशिवणाला अंगुस्तान वापराच. सुई टोचली असेल तर ड्युटीवर जाताना त्यावर पाणी न शिरणारी चिकटपट्टी लावा आणि वरून हातमोजे घाला. नखं लहान ठेवा. हात वारंवार धुऊन, सॅनिटायझर लावून त्वचा तडकते, त्यात दोरा अडकतो. रात्री झोपताना हाताला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा.

हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर या आठवड्यातच सुरू करा. तिचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत रक्ततपासणी करून प्रतिकारशक्ती आली का ते पाहून घ्या. आणि वॉर्डात वापरलेली सुई टोचली तर बोट दाबून रक्त काढत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि लगेच प्रभारी सिस्टरांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर ती शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. लाजून किंवा घाबरून गप्प बसण्यात हे तास जातात.

गणवेशाचंही पथ्य आहे. ड्युटीचे कपडे घरात आल्याबरोबर बदला, वेगळ्या बादलीत गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा. त्या कपड्यांनिशी मशीनजवळ जाऊ नका, लेकराला उचलू नका. लातूरला नळ काही दिवसांच्या अंतरानं येतो, हे धरूनच गणवेशाचे किमान तीन जोड ठेवा. दोनच असतील तर तिसरा स्वतः शिवा आणि त्याला कात्री, पेन, छोटी वही बसेल असा खोल खिसा लावा.

बाहेरची ऑर्डर घ्यावी का?

लग्नसराई आली की ओळखीच्या बायका दारात उभ्या राहतात. ‘तुझ्याच हातचा ब्लाऊज बसतो गं.’ मन मोडवत नाही. तरी पहिले सहा महिने तारखेची ऑर्डर घेऊ नका. लग्नाची तारीख हलत नाही आणि रोस्टर तुमच्या हातात नाही. या दोघांच्या मध्ये तुमची झोप भरडली जाते.

सरकारी नोकरीत असाल तर आणखी एक बाब पाहावी लागते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार-धंदा करता येत नाही. घरच्यांसाठी शिवणं, भाचीला झबलं देणं याला कुणाची आडकाठी नाही. पण पाटी लावून, पैसे घेऊन नियमित शिलाई करायची असेल तर आधी आस्थापना शाखेत लेखी विचारा. कंत्राटी किंवा खासगी नोकरीत असाल तर नेमणुकीच्या पत्रातल्या अटी नीट वाचा.

घरात आईचा किंवा जाऊबाईंचा शिलाईचा जम बसलेला असेल तर तो त्यांच्याच नावानं चालू द्या आणि तुम्ही सवडीनं कापणीला हात लावा. घरचं उत्पन्न टिकतं आणि तारखेचा ताण तुमच्या डोक्यावर येत नाही. नकार द्यायची वेळ आली तर मोघम ‘बघू’ म्हणू नका. ‘काकू, मला मार्चपर्यंत जमणार नाही, अमुक ताईंकडे द्या,’ असं थेट सांगा. माणसं त्यानं दुखावत नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी न शिवलेलं कापड परत दिलं तर दुखावतात.

सहल पाळीच्या मापानं

कुटुंबाबरोबर बाहेर पडणं म्हणजे महाबळेश्वरच असं काही नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत दोन तासांपासून दोन दिवसांपर्यंत कुठल्याही मापाची ठिकाणं आहेत.

दोन-तीन तास असतील तेव्हा घरच्यांनाच आपल्याकडे बोलवा. विष्णुपुरीला ड्युटी असेल तर सकाळपाळी सुटल्यावर मंडळींनी डबा घेऊन तिकडेच यावं, काळेश्वराचं दर्शन घ्यावं, जलाशयाकाठी बसून जेवावं. नांदेड शहरात असाल तर संध्याकाळी सचखंड गुरुद्वारा आणि लंगरचा प्रसाद, त्या दिवशी स्वयंपाकालाही सुट्टी. लातूरला सिद्धेश्वराचं देवस्थान आहे. गंजगोलाईही आहे. सोळा रस्ते जिथे मिळतात तिथे अस्तर, लेस, बटणं, काठ सगळं एका फेरीत मिळतं आणि मुलांचं खाऊचं कामही होतं.

एक खरी सुट्टी असेल तर अर्ध्या दिवसात होणारी ठिकाणं निवडा: लातूरकरांनी औसा किंवा उदगीरचा किल्ला, खरोशाची लेणी, नांदेडकरांनी कंधारचा किल्ला. सकाळी लवकर निघा आणि चारपर्यंत घरी या, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सकाळपाळीला अंग मोकळं असतं. पावसाळ्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाहण्यासारखा असतो, पण तिथले खडक निसरडे असतात, मुलांना कडेला जाऊ देऊ नका. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचं तर दोन सुट्ट्या जोडून घ्या. एका दिवसात धावतपळत जाऊन आलात तर देवीचं दर्शन होतं, विश्रांती होत नाही.

खर्चाचंही पाहा. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. सासूबाई, तुम्ही आणि लेकरं असा बेत असेल तर गाडी भाड्यानं करण्यापेक्षा एसटी कितीतरी स्वस्त पडते. आधारकार्ड बरोबर ठेवा.

येळवस चुकवायची नाही

लातूरच्या माणसाला एकच सुट्टी मागायला सांगितली तर तो येळवसेची मागेल. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. ज्वारीच्या कडब्याची कोप उभी करायची, आत पांडवांची पूजा मांडायची. मग पंगत. तुरी-हरभऱ्याचे ओले दाणे, वाल, भाज्या आणि बेसन घालून शिजवलेली दाट भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली थंडगार आंबील. शेत नसलेल्यांनाही या दिवशी कुणीतरी आग्रहानं नेतंच.

अडचण अशी की वॉर्डातल्या निम्म्या जणींना तोच दिवस हवा असतो आणि रुग्ण तर त्या दिवशीही असतातच. उपाय देवाणघेवाणीचा. अमावास्या डिसेंबर-जानेवारीत येते. पंचांगात तारीख पाहून दिवाळी संपताच प्रभारी सिस्टरांकडे लेखी विनंती द्या. ज्या सहकाऱ्यांना नाताळ, ईद, गुरुपुरब किंवा आंबेडकर जयंतीला घरी राहायचं असतं, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा आणि त्यांच्या सणाला त्यांची पाळी तुम्ही घ्या. घेतलेली पाळी वहीत नोंदवा आणि परतफेड न विसरता करा. ज्या वॉर्डात हा व्यवहार चोख चालतो तिथे सण कुणाचाच बुडत नाही. एखाद्या वर्षी नाहीच मिळाली सुट्टी, तर दुपारपाळीच्या आधी दहा वाजता शेतात जाऊन आंबील पिऊन येण्याइतका वेळ काढता येतो. घरच्यांना तेवढं येणंही मोलाचं वाटतं.

घरातल्या कामाची वाटणी

रोस्टर कितीही नीट लावला, तरी घरातलं सगळं काम तुमच्याच वाट्याला राहिलं तर शिवण आणि सहल दोन्ही कागदावर राहतील. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळचा डबा आणि मुलांची शाळा ही नवऱ्याची किंवा घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाची जबाबदारी, हे नोकरी सुरू होतानाच ठरवा. चार महिन्यांनी, दमून, चिडून ठरवायला गेलात तर त्याचं भांडण होतं. सासूबाईंना शिवणाची आवड असेल तर वाकळीचा एक काठ त्यांच्याकडे द्या. मुलांना बटणं रंगानुसार वेगळी करायला लावा. त्यांचे हातही त्यात लागले की मशीनची वेळ घरच्यांकडून हिरावलेली वाटत नाही.

सहा महिने झाले की एका मोकळ्या सकाळी कॅलेंडरची पानं उलटून पाहा. ‘झोप’ लिहिलेल्या चौकोनांत किती वेळा खरंच झोपलात? महिन्यातून एकदा तरी सगळे मिळून बाहेर पडलात का? सुरू केलेलं एखादं शिवणकाम पूर्ण झालं का? तिन्ही उत्तरं बरी असतील तर आता एखादी छोटी, तारखेविनाची ऑर्डर घ्यायला हरकत नाही, परवानगीचं पाहून. झोपेचं उत्तर वाईट असेल तर बाकी दोन्ही कमी करा आणि आधी झोप सावरा. तुमच्या एका चुकीच्या डोसवर कुणाचा तरी जीव असतो, म्हणून झोपेचा मान पहिला. मशीन थांबेल, किल्ला थांबेल. नोकरीची पुढची तीस वर्षं आहेत आणि या तिन्ही गोष्टींना त्यात पुरेशी जागा आहे.